पडदा चार ग्रॅमचा, मग चौकट का थरथरते?

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाळगणारा माणूस एक गोष्ट हमखास अभिमानाने सांगतो: "याला खोकंच नाही, मग खोक्याचा आवाज येणार कुठून?" बोलणं अर्धं खरं आहे. नेहमीच्या स्पीकरमध्ये लाकडी पेटी असते, तिच्या भिंती आवाजाबरोबर थरथरतात आणि गाण्यात स्वतःची भर घालतात. इलेक्ट्रोस्टॅटिकला पेटी नसते. पण आवाज काढणारा त्याचा पातळ पडदा हवेत अधांतरी लटकत नाही. त्याला ताणून धरायला चौकट लागते, आणि ती चौकटसुद्धा बोलते.

हे स्वतः अनुभवायचं असेल तर फार काही लागत नाही. तंबोऱ्याचा खर्ज किंवा पियानोचे खालचे सूर असलेलं काहीतरी लावा आणि पॅनेलच्या, म्हणजे या सपाट स्पीकरच्या, वरच्या कडेवर तळहात हलकेच ठेवा. बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटेल. आता तीच कड दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी बसायच्या जागेवरून ऐकायला सांगा. धरल्यावर आणि सोडल्यावर आवाजात फरक पडत असेल, तर चौकट गुन्हेगार आहे. (हात बाहेरच्या लाकडावर किंवा झाकणावरच ठेवायचा. आत काही हजार व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते बराच वेळ टिकून राहतात. मागचं झाकण काढून बोट घालायची हौस करू नये.)

आधी हे यंत्र काय आहे ते थोडक्यात. काही मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा, त्यावर वीज धरून ठेवणारा अगदी पातळ लेप. पडद्याच्या पुढे आणि मागे, दोनेक मिलिमीटर अंतरावर, भोकं पाडलेला पत्रा किंवा तारांची जाळी. पडद्यावर कायमचा उच्च विद्युत दाब ठेवलेला असतो आणि दोन्ही जाळ्यांना गाण्याचा विद्युत दाब उलटसुलट मिळतो. एक जाळी ओढते, दुसरी ढकलते, पडदा पुढे-मागे हलतो, हवा जाळीच्या भोकांतून बाहेर पडते. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी 1957 साली क्वाड ईएसएल हा असा स्पीकर बाजारात आणला, तेव्हापासून हा प्रकार हौशी लोकांच्या घरात आला. पुढे 1981 मध्ये क्वाडचा ईएसएल-63 आला. त्याच्या जाळ्या एकात एक वर्तुळांत विभागलेल्या होत्या आणि प्रत्येक वर्तुळाला सिग्नल किंचित उशिरा मिळत असे, म्हणजे आवाज पॅनेलच्या मागच्या एका बिंदूतून आल्यासारखा वाटे. अमेरिकेत मार्टिनलोगन आणि साउंडलॅब यांनी याच तत्त्वावर माणसाच्या उंचीची पॅनेलं बनवली.

जोर कुठून येतो

आता मूळ प्रश्न. अर्धा चौरस मीटरचा, 6 मायक्रॉन जाडीचा पडदा घेतला तर त्याचं वजन भरतं साधारण 4 ग्रॅम. टपालाच्या पाकिटाएवढं. चौकट असते पंधरा-वीस किलोची. चार ग्रॅमची वस्तू हलून वीस किलोला काय धक्का लागणार? बरेच लोक इथेच थांबतात आणि चौकटीचा विषय सोडून देतात.

गफलत अशी आहे की जाळी फक्त पडद्याला हलवत नाही, पडद्याच्या मागेपुढे असलेल्या हवेलाही हलवते. हवेला वजन असतं. अर्ध्या चौरस मीटरच्या चकतीबरोबर खालच्या सुरांत जी हवा मागेपुढे होते, ती हिशेबाने सुमारे 200 ग्रॅम भरते. पडदा चार ग्रॅमचा, त्याच्या खांद्यावर हवा दोनशे ग्रॅमची. हा सगळा बोजा हलवायला जो जोर लागतो, तेवढाच उलटा जोर जाळ्यांवर येतो. न्यूटनचा तिसरा नियम पडदा किती हलका आहे ते विचारत नाही.

जोराचा आकडाही काढता येतो. पडद्याच्या लगत 94 डेसिबलचा आवाज म्हणजे 1 पास्कल दाब. पुढच्या बाजूला दाब वाढतो तेव्हा मागच्या बाजूला तेवढाच कमी होतो, म्हणून फरक 2 पास्कल. अर्ध्या चौरस मीटरवर तो झाला 1 न्यूटन. शंभर ग्रॅमचं वजन सेकंदाला पन्नास वेळा पुढे ढकलायचं आणि मागे ओढायचं, तसा. हात लावल्यावर मुंग्या येतात त्या याच्या.

दोनशे ग्रॅम विरुद्ध वीस किलो, म्हणजे शंभरास एक. पडदा 1 मिलिमीटर हलला तर चौकट शंभरांश मिलिमीटर हलेल. एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहायचं कारणच नव्हतं. पण हा हिशेब चौकट दगडासारखी एकसंध असेल तर खरा. प्रत्यक्षात ती वाकते, पिळवटते, डोलते, आणि तिची स्वतःची काही ठरलेली कंपनं असतात. जुन्या बसच्या खिडक्या सगळ्या वेगाला खडखडत नाहीत. गाडी स्टँडवर उभी असताना इंजिनाची एक विशिष्ट घरघर लागली की अख्खी रांग वाजू लागते. तसंच इथे. गाण्यातला सूर चौकटीच्या सुराशी जुळला की तिचं हलणं दहा-वीस पटींनी वाढतं. शंभरास एक होतं, त्याचं पाचास एक होऊन बसतं. चौकटीचं उघडं क्षेत्रफळ पडद्याहून कमी असल्याने तिचा आवाज त्या मानाने लहान राहतो, तरी ऐकू यायला पुरतो.

शिवाय तो उशिरा येतो, आणि माझ्या मते खरी खोच इथे आहे. पडदा हलका, त्याला हवेनेच घट्ट आवरलेलं, त्यामुळे सूर थांबला की तो जवळजवळ लगेच थांबतो. चौकट मात्र वाजत राहते. 100 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, वाजणारी चौकट फारसं अंतर्गत घर्षण नसलेल्या धातूची असेल, तर तिची झणझण पूर्ण विरायला सेकंदभर लागू शकतो. तीच नीट शांत केली तर एक दशांश सेकंदात संपते. पेटीच्या स्पीकरमध्ये असा उशिराचा आवाज बाकीच्या गोंधळात लपून जातो. इथे पडदा इतका स्वच्छ वागतो की पांढऱ्या धोतरावर पडलेला चहाचा डाग जसा दिसावा तसा चौकटीचा सूर दिसतो. तबल्यातल्या डग्ग्याची घुमारी संपल्यावरही मागे काहीतरी 'हूं' करत राहिल्यासारखं वाटतं. लोक याला "इलेक्ट्रोस्टॅटिकचा बास सैल असतो" म्हणतात आणि पडद्याला दोष देतात.

पडद्याचाही एक स्वतःचा सूर असतोच. ताणलेला असल्याने तो डफासारखा एका ठरावीक कंपनाला जास्तीत जास्त हलतो, मोठ्या पॅनेलमध्ये बहुधा 40 ते 80 हर्ट्झच्या आसपास. (घरी पॅनेल बनवणारे हौशी तो गरम हवेच्या गनने तापवून घट्ट करतात, डफवाला शेकोटीपाशी डफ तापवतो तसाच देखावा असतो.) त्या सुराला हवा सर्वांत जास्त हलते आणि चौकटीवरचा धक्काही सर्वांत मोठा असतो. चौकटीचा सूर नेमका तिथेच येऊन बसला तर दोघं मिळून धुमाकूळ घालतात. म्हणून पहिला नियम: हे दोन सूर एकमेकांपासून लांब ठेवायचे.

जाडी की तिरकी पट्टी

चौकट थरथरते म्हटल्यावर मनात येणारा पहिला उपाय म्हणजे ती जाड करणं. मीही तेच करायला निघालो होतो. एका मित्राने घरी बनवलेल्या पॅनेलसाठी 18 मिलिमीटरऐवजी दुप्पट जाडीचं प्लाय मागायला आम्ही सुताराकडे गेलो. त्याने कागदावरचं चित्र पाहिलं आणि म्हणाला, "दादा, लाकूड जाड करून काय व्हायचंय? मागनं एक तिरकी मारा. शेताच्या फाटकाला काय जाड लाकूड असतं होय?"

त्याचं बोलणं गणितातही बसतं. पट्टीची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, हे खरं. पण वजनही दुप्पट होतं, त्यामुळे तिचा सूर फक्त दुप्पट वर चढतो, एक सप्तक. उलट तीच पट्टी मधोमध धरून ठेवली, म्हणजे तिची मोकळी लांबी निम्मी केली, तर सूर चौपट वर जातो, दोन सप्तकं. लांबीचा परिणाम वर्गाने होतो. लाकूड जाड करण्यापेक्षा ते योग्य ठिकाणी बांधणं स्वस्तही पडतं आणि जास्त कामही करतं.

उंच पॅनेल खाली पायाशी पकडलेलं आणि वर मोकळं असतं, जमिनीत रोवलेल्या बांबूसारखं. त्याचं वरचं टोक मागच्या बाजूने तिरक्या दांडीने पायथ्याशी बांधलं, तर पहिल्या कंपनाचा सूर सव्वाचार पटींहूनही जास्त वर जातो. क्वाडने पुढे 2805 आणि 2905 या मॉडेलांत मागे वरपासून पायथ्यापर्यंत जाणारी दांडी दिली, ती याचसाठी. ईएसएल-63 वापरणाऱ्या अनेकांनी त्याआधीच लोखंडी किंवा लाकडी स्टँड बनवून स्पीकर दोन्ही बाजूंनी आवळून धरायला सुरुवात केली होती. 1957 च्या ईएसएलला ही अडचण कमी होती, कारण तो उंचीपेक्षा रुंदीलाच जास्त. पण तो जमिनीच्या फार जवळ असतो म्हणून लोक त्याला उंच स्टँडवर चढवतात, आणि स्टँड लेचापेचा असला तर नसलेली अडचण विकत घेतात.

आधाराची पट्टी बरोबर मध्यावर मारू नये, हा एक बारकावा. मध्यावर मारली की दोन्ही बाजूंचे तुकडे सारखे होतात आणि एकाच सुरात गातात. थोडी सरकवली, समजा दोनास तीन या प्रमाणात, तर दोघांचे सूर वेगळे पडतात आणि त्यांची बेरीज होत नाही. साउंडलॅबच्या पॅनेलांत पडद्याचे भाग मुद्दाम लहानमोठे ठेवलेले असतात, त्यामागे हाच विचार आहे.

वाकवणं हाही ताठपणा मिळवायचा एक मार्ग. वर्तमानपत्राचा कागद एका टोकाला धरला की लोंबतो, पन्हळीसारखा वळवला की ताठ उभा राहतो. मार्टिनलोगनच्या पॅनेलांची ती प्रसिद्ध वक्रता मुळात आवाज खोलीत रुंद पसरावा म्हणून आहे, पण पातळ पत्र्याला त्यातून फुकटचा ताठपणाही मिळतो.

चौकटीवर पडद्याचा स्वतःचा ताणही असतो, हे विसरायला होतं. 6 मायक्रॉनचा पडदा एक टक्का ताणला तर कडेच्या दर मीटरला साधारण 25 किलोची ओढ बसते. कमजोर उभ्या पट्ट्या हळूहळू आत वाकतात, पडदा सैल होतो, त्याचा सूर उतरतो आणि एक दिवस तो जाळीला जाऊन चिकटतो. त्यामुळे पडद्याची ओढ पेलायला पॅनेलची आतली चौकट आणि सगळ्याला उभं धरायला बाहेरची चौकट अशी कामं वेगळी केलेली बरी.

ताठ करून सूर मरत नाही

इथपर्यंत आपण चौकटीचा सूर फक्त हलवला. वीस हर्ट्झला डोलणारं पॅनेल तिरकी दांडी लावल्यावर नव्वदच्या आसपास डोलायला लागेल. हलणं कमी होईल, पण 20 हर्ट्झला गाण्यात फारसं काही नसतं आणि 90 हर्ट्झला पखवाज असतो! दांडी लावून आवाज बिघडला, अशी तक्रार करणारे लोक खोटं बोलत नसतात. त्यांनी ताठपणा दिला आणि कंपनाची शक्ती गिळायची सोय केली नाही.

कंपन गिळायचं म्हणजे त्याची उष्णता करायची. तबलजी डग्गा नुसता फरशीवर ठेवत नाही, खाली कापडाची चुंबळ असते. चुंबळ डग्ग्याला धरूनही ठेवते आणि खालून उठणारा खडखडाट खाऊनही टाकते. चौकटीला अशी चुंबळ हवी, फक्त ती लाकडाच्या आत.

सर्वांत परिणामकारक रीत म्हणजे सँडविच. दोन ताठ फळ्या आणि मधे रबरासारखा मऊ राहणारा थर. चौकट वाकली की दोन फळ्या एकमेकींवर किंचित सरकतात, मधला थर पिळला जातो आणि शक्ती तिथे जिरते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फळ्या नेहमीच्या पांढऱ्या सुतारी गोंदाने चिकटवणं. तो वाळून कडक होतो आणि हाती येते फक्त एक जाड फळी. सुकल्यावरही लवचिक राहणारा चिकट पदार्थच हवा.

दुसरी चूक मोटारीच्या दारांना लावतात त्या काळ्या डॅम्पिंग शीटची. वर अॅल्युमिनियमचा पातळ वर्ख, खाली ब्युटाइल रबर. पातळ पत्र्यावर ती जादू करते, कारण वर्ख आणि पत्रा यांच्या ताठपणात फार तफावत नसते. 25 मिलिमीटरच्या लाकडावर तीच चिकटवली तर वर्ख लाकडाला अडवूच शकत नाही आणि पैसे वाया जातात. हत्तीला सुतळीने बांधण्यातला प्रकार. स्वस्तातल्या डांबरी शीटबद्दल आणखी एक: नागपूरच्या मे महिन्यात ती मऊ होऊन खाली ओघळू लागते.

लोखंडी चौकोनी पाइपची किंवा खिडक्यांच्या अॅल्युमिनियम सेक्शनची चौकट असेल तर तिच्यासाठी वाळू उत्तम. रिकामा पाइप घंटेसारखा वाजतो. त्यात चाळलेली, उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू भरली की कण एकमेकांवर घासून झंकार मारून टाकतात, आणि वजनही वाढतं. ओली वाळू भरू नये, पाइप आतून गंजतो. धातूची चौकट असेल तर तिला अर्थिंग हवं आणि जाळ्यांपासून पुरेसं अंतर, कारण मोठ्या आवाजात जाळ्यांवरही काही हजार व्होल्ट खेळत असतात.

आता जाळी. ती पातळ पत्र्याची असते आणि टोकं तेवढी चिकटवलेली असली तर मधे थाळीसारखी वाजते. पडद्याला आधार देणाऱ्या आतल्या पट्ट्या जाळीलाही धरून ठेवतात. पडदा आणि जाळी यांच्यातल्या अंतराच्या साधारण 70 ते 100 पट अंतरावर त्या असाव्यात, असा बनवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. दीड मिलिमीटर फट असेल तर पट्टी दहा ते पंधरा सेंटिमीटरवर. एखाद्या ठिकाणी चिकटवलेलं सुटलं की तिथून बारीक 'झर्र' ऐकू येतं. तो रेझोनन्स, म्हणजे चौकटीचा स्वतःचा सूर, नव्हे, तो सुटलेला सांधा, आणि त्याला कितीही दांड्या लावून उपयोग नाही. तसंच पावसाळ्यात मुंबई-कोकणात येणारी चरचर ओलाव्यातून गळणाऱ्या विजेची असते. तिचा सुताराशी संबंध नाही.

पाय

गुळगुळीत टाइलवर चार पायांचं पॅनेल ठेवलं की एक पाय जवळजवळ नेहमीच अधांतरी राहतो, आणि मग सगळं लंगड्या टेबलासारखं डुगडुगतं. तीन पायांवर कुठलीही वस्तू पक्की बसते. दोन पाय पुढे, एक मागे लांबवर, तिरक्या दांडीच्या टोकाशी. जोर पॅनेलच्या मध्यापाशी, म्हणजे उंच पॅनेलला जमिनीपासून मीटरभर वर लागतो. पाया जेमतेम तीस सेंटिमीटर खोल असेल तर तरफेचा सगळा फायदा जोराला मिळतो. पाया खोल करा आणि त्यावर वजन टाका. फरशीचे उरलेले दोन तुकडे चालतात, दिसायला बरे हवे असतील तर कापडात शिवलेल्या वाळूच्या पिशव्या.

मऊ रबरी पाय मी टाळतो. पेटीच्या स्पीकरला ते कधी कधी शोभतात, पण उंच, अरुंद पॅनेल मऊ पायांवर झोपाळ्यासारखं झुलतं. अपवाद एकच: खाली पेटीत वूफर (खालचे सूर वाजवणारा नेहमीचा स्पीकर) आणि वर पडदा असं मिश्र मॉडेल. तिथे वूफरचा हादरा चढून पॅनेलच्या चौकटीत जातो, म्हणून पेटी आणि पॅनेल यांच्या मधे मऊ थर हवा, जमीन आणि पेटी यांच्या मधे नको.

एवढं करून फरक पडला की नाही हे कानावर सोडू नये, कान मेहनतीला दाद देऊन मोकळे होतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी, हादऱ्याची वीज करणारी पिएझोची पितळी चकती स्पीकर बंद असताना चौकटीच्या बाहेरच्या अंगाला डबल टेपने चिकटवा आणि तिची वायर साउंडकार्डच्या माइक इनपुटला द्या. खालून वर सरकत जाणारा सूर वाजवा. आरईडब्ल्यू या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीचे सूर सुळक्यांसारखे दिसतील. आधीचा आलेख जपून ठेवा, एका वेळी एकच बदल करा आणि चकती प्रत्येक वेळी त्याच जागी चिकटवा. सुळका उजवीकडे सरकला तर ताठपणा वाढला, डावीकडे गेला तर वजन वाढलं, आणि जागच्या जागी बुटका व रुंद झाला तर मधला मऊ थर काम करतोय. आमच्या पॅनेलला सुताराची तिरकी दांडी लावल्यावर तो आधी नुसता सरकला. बुटका झाला तो दांडीच्या पाइपमध्ये वाळू ओतल्यावर.